कंबर, नाइट आणि पुढची नोकरी : इंदूरच्या एका सिस्टरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : वय २८, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, इंदूरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पाच वर्षं आयसीयूत. महिन्याला दहा-बारा नाइट. आठ महिन्यांपासून कंबर दुखते, पाळीत रक्तस्राव फार होतो, हिमोग्लोबिन ९.४ आलं. दोन महिन्यांपूर्वी सुई टोचली, स्पिरिटने पुसून काम चालू ठेवलं, कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी पाय सुजतात. घरचे म्हणतात पोस्ट बेसिक (पदविकेनंतरची नर्सिंगची पदवी) कर, मैत्रीण जर्मनीला चल म्हणते, सिनियर सांगतात सरकारी परीक्षा दे. काय करू?

तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू'च म्हणते. रामबागेत वाढले, इंदुरातच शिकले आणि ३३ वर्षं वॉर्डात काढली. त्यातली बरीचशी आयसीयूत, शेवटची काही इन्चार्ज म्हणून. मूळ पत्रात तू नोकरीबद्दल आधी विचारलंस आणि सुईचं शेवटी, जाता जाता. मी सुईपासून सुरू करते.

स्पिरिटने पुसलंस ते चूक, पण ती चूक आपल्यातल्या निम्म्याजणी करतात. टोचल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बस. पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही, स्पिरिट-बीटाडिनने घासायचं नाही. मग लगेच इन्चार्जला सांगायचं आणि रुग्णाचे रिपोर्ट बघायचे. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. ती रोखणारं औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर सुरू करण्यात अर्थ नाही, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. हिपॅटायटिस सीचीही शक्यता असते. हिपॅटायटिस बीची तर लस न घेतलेल्या माणसात ३० टक्क्यांपर्यंत जाते. आपण घाबरतो एचआयव्हीला, आणि बीची तिसरी लस घ्यायची राहून जाते.

तुझे ७२ तास कधीच गेले. तरी आता करण्यासारखं आहे. एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सीसाठी) या तीन तपासण्या या आठवड्यात कर, पुढे तीन आणि सहा महिन्यांनी परत. सोबत अँटी-एचबीएसचं टायटर, म्हणजे बीविरुद्धची प्रतिकारशक्ती रक्तात किती आहे ते, बघ. १०च्या वर असेल तर बीकडून तू सुरक्षित आहेस. कमी असेल तर डॉक्टरांना विचारून लस परत सुरू कर. पूर्ण कोर्स शून्य, एक आणि सहा महिने असा असतो. रुग्णालयात करायला संकोच वाटत असेल तर सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी मोफत होते. इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलमध्ये एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी केंद्रही आहे. एचआयव्हीविषयीचा २०१७चा कायदा रिपोर्ट गुप्त ठेवायला सांगतो. कामावर संसर्गाचा धोका असलेल्या माणसांना सुरक्षित जागा आणि टोचल्यानंतरचं औषध देण्याची जबाबदारीही तो मालकावर टाकतो. म्हणून सांगायला घाबरू नकोस. मी स्वतः नव्वदच्या दशकात असंच लपवलं होतं. ज्या वॉर्डात होते तिथे सुई टोचली म्हणजे सिस्टरचाच निष्काळजीपणा, असं बोललं जायचं. सहा महिने घरात मुलाचा पापा घेताना हात आखडायचा. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण ते सहा महिने मला कोणी परत दिले नाहीत. म्हणून सांगते, तोंडी नको, लिहून दे. इन्सिडंट फॉर्म भर आणि एक कॉपी स्वतःकडे ठेव.

आता हिमोग्लोबिन ९.४. हा आकडा एखाद्या पेशंटच्या कागदावर दिसला असता तर तू डॉक्टरांना फोन केला असतास. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या वर हवं, आणि ८ ते १०.९ म्हणजे मध्यम प्रतीचा अ‍ॅनिमिया. त्यात तू बारा नाइट करतेस आणि धाप लागली की 'नाइटचा थकवा' म्हणून सोडून देतेस. पाळीत दर एक-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, गुठळ्या पडतात का, सात दिवसांच्या पुढे जाते का, हे तारखेसकट लिहून ठेव. ते घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, ओपीडीत रीतसर केस-पेपर काढून. थायरॉइड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि सोनोग्राफी त्या सांगतीलच. लोहाची गोळी रोज की एक दिवसाआड ते त्या ठरवतील. तू एवढं पाळ की गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको. नाइट संपवून तू पोहे खात असशील, आपल्याकडे कोण खात नाही. त्यावर लिंबू दोन फोडी पिळ, लोह अंगी लागायला त्याची मदत होते. पण पोह्यांसोबतचा चहा पुढे ढकल आणि रोजची जिलेबी बंद कर. नाइट करणाऱ्यांचं वजन आणि साखर तशीही लवकर वाढते. महिन्याने हिमोग्लोबिन परत बघ. आकडा सुधारला म्हणून गोळी सोडू नकोस, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. ड्यूटीरूममध्ये एकमेकींना इंजेक्शनं देण्याची आपल्याला फार सवय. कंबर दुखली, दे डायक्लोफिनॅक. अशक्तपणा आला, लाव आयर्न सुक्रोज, मी बघते. सर्दी झाली, ट्रेमधलं अँटिबायोटिक उरलंय. प्रेमाने होतं हे सगळं, मला माहीत आहे, मीही केलंय. पण आयर्नच्या सलाइनने रिअ‍ॅक्शन आली तर त्या खोलीत ना डॉक्टर, ना तुझ्या नावाचा कागद. आणि नाइटला रिकाम्या पोटी वेदनाशामक घेत राहिलीस तर जठरातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, मूत्रपिंडावरही ताण येतो. तुझ्या ९.४ मागे पाळीबरोबर त्या गोळ्याही असतील. गेल्या आठ महिन्यांत किती घेतल्यास ते डॉक्टरांना खरं सांग.

कंबरेचं बघू. आधी धोक्याची चिन्हं बघ : पायात ताकद कमी वाटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी दुखणी. यातलं काही असेल तर आजच दाखव. आपल्याकडे मणक्याचा टीबी होतो आणि आपण तर टीबीच्या पेशंटजवळच उभ्या असतो. यातलं काही नसलं तरी आठ महिने हा काळ थोडा नाही. हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घे. पट्टा बांधून पडून राहण्याने कंबर आणखी दुबळी होते.

आणि कामाची पद्धत बदल, कारण दुखणं तिथून येतंय. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश नावाची संस्था आहे. तिच्या हिशोबाने एका माणसाने रुग्ण हलवताना सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये. सत्तर किलोच्या माणसाचा एक पायच अकरा किलोच्या आसपास भरतो. म्हणजे दोन्ही पाय एकटीने उचलून पलंगावर ठेवलेस की मर्यादा ओलांडलीच. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला वर सरकवताना आपण काय करतो? बगलेत हात घालतो, कंबरेतून वाकतो आणि ओढतो. तसं करू नकोस. बेडला ब्रेक लाव. बेड आपल्या कंबरेइतका वर घे. हँडल फिरवायला अर्धा मिनिट लागतो, तो घे. ड्रॉ-शीट (पेशंटला सरकवायची आडवी चादर) खाली हवीच, आणि दोन्ही बाजूंना माणूस हवा. गुडघे वाकव, एक पाय पुढे ठेव, आणि एकीने मोजायचं, मग दोघींनी एकदम सरकवायचं. वॉर्डबॉय येईपर्यंत पाच मिनिटं थांबावं लागलं तर थांब. तुझ्या इन्चार्जला आवडणार नाही. मी इन्चार्ज असताना मलाही सुरुवातीला आवडलं नव्हतं. मग एका वर्षात माझ्या तीन चांगल्या मुली कंबर धरून बसल्या, तेव्हा मी प्रत्येक शिफ्टला बाजू बदलण्याच्या वेळा लावून दोघी-दोघींच्या जोड्या केल्या. तू इन्चार्जकडे तक्रार घेऊन जाऊ नकोस, ही जोडीची सूचना घेऊन जा.

नाइटबद्दल. बारा नाइट विखुरलेल्या असतील तर सलग दोन-तीन मागून घे आणि त्यानंतर सुट्टी. एक नाइट, एक मॉर्निंग, परत नाइट, असं वेळापत्रक शरीराला सर्वांत जड जातं. पहाटे तीन-चारला वीस मिनिटांची डुलकी सोबतिणीशी बोलून, पेशंट तिच्या ताब्यात देऊन घे. खुर्चीत नकळत लागणाऱ्या डोळ्यापेक्षा ती पेशंटलाही सुरक्षित. शेवटचा चहा तीनच्या आत. सकाळी स्कूटीवर डोळे जड होत असतील तर त्या दिवशी बसने किंवा ई-रिक्षाने घरी जा. नाइटहून परतताना मुली सिग्नलवर पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

घरचा प्रश्न तू मोकळेपणाने लिहिला नाहीस, पण 'सकाळी आल्यावर डबे करून झोपते' हे वाक्य तुझ्या पत्रात आहे. आपल्या घरांतून सुनेने आठ वाजता झोपणं सासूबाईंना विचित्र दिसतं. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांनी नाइट पाहिलेली नसते. यजमानांना सोबत घेऊन बस आणि हिमोग्लोबिनचा कागद सासूबाईंसमोर ठेव. नाइटच्या दिवशी डबा कोण करणार ते दोघांकडूनच ठरवून घे. माझ्या सासूबाईंनी नाइट म्हणजे काय ते तेव्हाच मानलं, जेव्हा त्या स्वतः दोन रात्री एका वॉर्डात भरती होत्या आणि त्यांनी सिस्टर किती वेळा उठते ते मोजलं. तेवढी वाट बघू नकोस. खोलीत अंधार, फोन दुसऱ्या खोलीत, कूलरचा आवाज चालू, आणि सलग सहा तास झोप. तुझ्या आजाराचं अर्धं औषध हेच आहे.

हे सगळं आधी लिहिण्याचं कारण पुढे येतं. तुझ्यासमोर जे तीन रस्ते ठेवलेत, त्यांतल्या प्रत्येकात शरीराला वेगळं काम पडतं, आणि सल्ला देणाऱ्यांनी तुझी कंबर विचारात घेतलेली नाही.

जर्मनी. तिथे नोकरी आहे, पगार चांगला आहे, यात शंका नाही. पण आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, फिरवणं, डायपर बदलणं हे आया आणि नातेवाईक करतात. तिथे ते सिस्टरचंच काम आहे, आणि पेशंट बहुतेक वृद्ध आणि अंगाने मोठे. काम मानाचं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण आठ महिने दुखणारी कंबर घेऊन त्यात उतरू नये. शिवाय सिस्टर म्हणून पूर्ण मान्यता मिळायला जर्मन भाषा बी-२ या वरच्या-मध्यम पातळीपर्यंत लागते, आणि आपल्या पदविकेतली तफावत भरून काढायला तिथे प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. बारा नाइट करत असताना जर्मन शिकशील का, हे स्वतःला विचार. मैत्रीण कोणत्या एजंटकडून जातेय तेही बघ. सरकारकडे नोंदलेल्या एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं, आणि नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याला मूळ कागद देऊ नकोस. आखातात जायचं मनात आलं तर सिस्टरांच्या भरतीचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघ.

पोस्ट बेसिक. दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स आहे, म्हणजे दोन वर्षं पगार नाही. शिकवण्याकडे किंवा पुढे एम.एस्सी.कडे जायचं असेल तर तो हवाच. पण आत्ता घाईने नको, आणि त्याचं कारण तुझं वय. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी नॉरसेट ही परीक्षा होते, अलीकडे वर्षातून दोनदा. खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा ३० आहे. ओबीसींना तीन वर्षं, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव असला की चालतं, डिग्री लागत नाही. तुझ्याकडे अनुभव पाच वर्षांचा आहे. म्हणजे ज्या परीक्षेसाठी तू आज पात्र आहेस, तिची वेळ तू कॉलेजच्या बाकावर घालवशील. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर भत्ते. जागांचा पर्याय भरताना भोपाळ पहिलं टाक, घर जवळ पडतं. मात्र पोस्टिंग गोरखपूर किंवा देवघरलाही होऊ शकतं, ते यजमानांशी फॉर्म भरण्याआधीच बोलून घे. राज्याच्या भरतीवर, कर्मचारी निवड मंडळाच्या जाहिरातीवर, लक्ष ठेवच.

सिनियर म्हणतात सरकारी म्हणजे आराम. तसं नाही. सरकारी वॉर्डात एका सिस्टरमागे पेशंट जास्त असतात आणि उचलायला माणसं कमी. तिथे मिळतं ते पगाराचं आणि रजेचं संरक्षण. तुझ्यासारखीला मूल होण्याचा विचार करायचा असेल तर ते मोठंच आहे. तशी मातृत्वाची रजा खासगीतही कायद्याने आहेच : पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. नवीन जागी जाण्याची तारीख हा हिशोब करून ठरव.

मग आत्ता काय? मी तुझ्या जागी असते तर आयसीयूतून सहा महिने बाजूला झाले असते, रुग्णालय न सोडता. डायलिसिस माग, किंवा इन्फेक्शन कंट्रोल. डायलिसिसमध्ये उचलणं कमी आणि नाइटही बहुतेक ठिकाणी कमी. पण रक्ताशी संबंध रोजचा, म्हणून टायटर आधी बघ. इन्फेक्शन कंट्रोल नर्स एनएबीएच (रुग्णालयाच्या दर्जाची) मान्यता असलेल्या रुग्णालयात लागतेच. काम दिवसाचं असतं, सुई टोचल्याच्या नोंदी तिच्याकडेच येतात, आणि तुझ्यासारखी स्वतः त्यातून गेलेली बाई ते चांगलं करेल. कोणी म्हणेल की आयसीयू सोडलं की किंमत जाते. पाच वर्षांचा अनुभव कागदावर आहे, तो सहा महिन्यांत पुसला जात नाही. त्या काळात हिमोग्लोबिन वर आण, कंबर बरी कर, रोज दोन तास नॉरसेटचा अभ्यास कर. दोन वर्षांत तीन-चार प्रयत्न मिळतील. नाही झालं तर तिशीला पोस्ट बेसिक कर, तेव्हा त्यात काही गमावणार नाहीस. त्या वेळी कॉलेज मात्र जपून निवड. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तपासणी केली, कित्येक कॉलेजं निकषांत बसली नाहीत आणि मुलींच्या परीक्षा रखडल्या. कॉलेजला त्या कोर्सची, त्याच वर्षाची मान्यता आहे का ते नर्सेस कौन्सिलच्या यादीत स्वतः बघ.

गावाकडे जायची तयारी असेल तर कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची वाटही आहे. उपकेंद्रावर बीपी, साखर, गरोदर बायकांची तपासणी. नेमाने नाइट नाही आणि पलंग ढकलायचा नाही. पण नोकरी कंत्राटी आहे, आणि महू-देपालपूरकडचं पोस्टिंग मिळेलच असं नाही, झाबुआ-अलीराजपूरही येऊ शकतं. तिथे काम करणाऱ्या दोघीजणी मला ओळखीच्या आहेत. एक खूश आहे, दुसरी एकटेपणाला कंटाळली.

कागदांचं आजच कर. अनुभवाचा दाखला लेटरहेडवर, रुजू झाल्याची तारीख, विभाग आणि खाटांची संख्या लिहिलेला हवा. खाटांचा आकडा नाही म्हणून दाखला नाकारला गेल्याचं मी पाहिलंय. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का ते बघ. रुग्णालयाने बाँडसाठी मूळ मार्कशीट ठेवून घेतली असेल तर लेखी अर्ज देऊन परत माग आणि पोच घे.

पगाराचं तू विचारलं नाहीस, तरी माहीत असू दे. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती. २००पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या सिस्टरइतका, १००च्या वर असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५०पेक्षा लहान रुग्णालयातही किमान २० हजार. ती शिफारस आहे आणि अंमल राज्यांवर सोडलेला, म्हणून ती दाखवून भांडता येत नाही. पण तुमच्या रुग्णालयाच्या खाटा मोज आणि तुझा पगार कुठे बसतो ते बघ. विभाग बदलून मागताना पगारवाढीचंही बोलणं कर, चार-पाच जणी मिळून गेलात तर बरं.

राहिले पाय आणि शूज. कॅनव्हासचे सपाट शूज सोड. टाचेखाली मऊ आणि पुढे बोटं हलतील असे बंद शूज घे, सँडल नको, कारण पडलेली सुई पायातही शिरते. शूज संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घालून बघून घे. शिरा फुगलेल्या दिसत असतील तर शिरा दाबून धरणारे, २० ते ३० मिमी (पारा) दाबाचे मोजे मिळतात. ते मापाचेच हवेत, म्हणून आधी डॉक्टरांना पाय दाखव. एकाच पायावर सूज आणि पोटरी दुखत असेल तर मोजे घालू नकोस, थेट दाखव. आणि मोजे सूज उतरलेली असतानाच चढवायचे. नाइटला निघण्याआधी दहा मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर ठेव, मग घाल. ड्यूटीवर चढवायला गेलीस तर चढणारही नाहीत.